मधुमेह्याची न्याहारी आणि अख्खे धान्य

बुलढाणा जिल्ह्यातील लोक आपल्या जिल्ह्याचे दोन भाग सांगतात. मलकापूर, नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव व खामगाव हा पूर्णेच्या खोऱ्याकडील मुलूख घाटाखालचा. आणि चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा व देऊळगाव राजा हा घाटावरचा. दोन्ही भागांची माती व पाऊसपाणी यांत फरक असला, तरी सकाळच्या न्याहारीची रीत पूर्वी दोन्हीकडे बहुतांशी सारखीच होती. ज्वारीची भाकरी, तिच्याबरोबर बेसन, उसळ किंवा अंबाडीची भाजी, मिरचीचा ठेचा आणि घरी दुभते असल्यास ताक, एवढ्यावर शेतकरी वखरणीस अगर निंदणीस जात असे. खानदेशाला लागून असलेल्या गावांत ज्वारीबरोबर उडीद दळून कळण्याची भाकरी करण्याची पद्धत आहे. ज्वारीच्या कण्या आणि घुगऱ्या हेही घरोघरचे पदार्थ होते.

गेल्या चार दशकांत खरीप ज्वारीच्या पुष्कळशा क्षेत्रावर सोयाबीन आले. सोयाबीन लवकर निघते व रोख पैसा देते. ज्वारीला पाखरांचा व रानडुकरांचा उपद्रव होतो आणि तिच्या कापणी-खुडणीस मजूर मिळणे कठीण झाले आहे. शेतकऱ्याने केलेला हा बदल अविचाराचा म्हणता येणार नाही. परंतु शेतातून ज्वारी गेली तशी ती पुष्कळ घरांच्या सकाळच्या ताटातूनही गेली. तिच्या जागी गोड चहा व बिस्किटे, टोस्ट, पोहे, मैद्याचे तळलेले पदार्थ आणि अलीकडे पाकिटातील तयार नाश्ता आला.

याच काळात मधुमेह हा केवळ शहरी लोकांचा आजार राहिला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने केलेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष सन २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लक्ष लोकांना मधुमेह असून सुमारे १३ कोटी ६० लक्ष लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. ग्रामीण भागात दर शंभर प्रौढांमागे सुमारे ९ जणांस हा आजार आढळला. म्हणून मधुमेह्याने सकाळी कोणते धान्य, कोणत्या रूपात व किती खावे, हा प्रश्न आता ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने समजून घेण्याजोगा झाला आहे.

मधुमेहात काय बिघडते

धान्यातील पिष्ट पचनानंतर ग्लुकोज नावाच्या साखरेत रूपांतरित होते व आतड्यांतून रक्तात मिसळते. ही साखर स्नायूंना व इतर अवयवांना वापरता यावी म्हणून स्वादुपिंडातून इन्शुलिन हे द्रव्य स्रवते. इन्शुलिन कमी पडले, अथवा शरीर त्यास दाद देईनासे झाले, म्हणजे साखर रक्तातच साचून राहते. हाच मधुमेह होय. रक्तातील वाढलेली साखर बहुधा दुखत नाही. त्यामुळे रोगी वर्षानुवर्षे बेसावध राहतो आणि दरम्यान डोळे, मूत्रपिंडे, पायांच्या नसा व हृदय यांची हानी होत राहते. अनवाणी शेतात हिंडणाऱ्या मनुष्याच्या पायाची संवेदना गेली, तर काटा रुतल्याचेही त्यास कळत नाही, आणि लहानशी जखम चिघळून पाय गमावण्याची पाळी येते.

रात्रभर उपाशी राहून केलेल्या तपासणीत रक्तशर्करा १२६ मिलिग्रॅम किंवा अधिक भरल्यास, अथवा मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी एचबीए१सी ही तपासणी ६.५ टक्के किंवा अधिक आल्यास मधुमेह असल्याचे धरतात. लक्षणे स्पष्ट नसल्यास ही गोष्ट दुसऱ्या तपासणीने पक्की करून घेतात. उपाशीपोटीचा आकडा १०० ते १२५ यांच्या दरम्यान असल्यास तो मनुष्य उंबरठ्यावर आहे असे समजावे. हे आकडे दर १०० मिलिलिटर रक्तातील साखरेचे आहेत.

न्याहारीलाच महत्त्व का

पहाटेच्या सुमारास शरीर जागे होण्याच्या तयारीस लागते. त्या वेळी काही अंतःस्राव वाढतात व यकृत साठविलेली साखर रक्तात सोडते. निरोगी मनुष्याचे स्वादुपिंड त्यास पुरेसे इन्शुलिन देऊन ही वाढ आवरते. मधुमेह्यास ते साधत नाही. त्यामुळे पुष्कळ मधुमेह्यांमध्ये तेवढेच अन्न दुपारी खाल्ल्यापेक्षा सकाळी खाल्ल्याने साखर अधिक चढते.

दुसरी गोष्ट अशी की, सकाळच्या अन्नाचा परिणाम सकाळपुरताच राहत नाही. कॅनडातील टोरांटो विद्यापीठाचे डॉ. डेव्हिड जेंकिन्स व त्यांचे सहकारी यांनी सन १९८२ मध्ये असे दाखवून दिले की, न्याहारीत मसुरासारखे सावकाश पचणारे कडधान्य घेतले असता दुपारच्या जेवणानंतरही रक्तशर्करा तुलनेने कमी चढते. सकाळचा घास नीट निवडला तर दुपारच्या जेवणालाही त्याचा आधार मिळतो.

अख्खे धान्य कशास म्हणावे

ज्वारी, बाजरी किंवा गहू यांच्या दाण्याचे तीन भाग असतात. बाहेरचे साल, म्हणजे कोंडा. टोकाशी असलेला अंकुर. आणि मधला पिठूळ गर. कोंड्यात चोथा म्हणजे तंतुमय भाग व खनिजे असतात. अंकुरात स्निग्धांश व जीवनसत्त्वे असतात. मधला गर मुख्यतः पिष्टाचा असतो. तिन्ही भाग मूळ प्रमाणात राहिले, तर ते अख्खे धान्य होय. मग ते दाण्याच्या रूपात असो, भरडलेले असो वा दळलेले असो. कोंडा व अंकुर काढून टाकला की उरतो तो मैदा, बारीक रवा किंवा पांढरा तांदूळ.

ज्वारी व बाजरी आपल्याकडे सालासकट दळतात, म्हणून घरच्या दळणाचे पीठ हे अख्ख्या धान्याचेच पीठ असते. गव्हाचे पीठ चाळणीने चाळून कोंडा गुरांपुढे टाकण्याची चाल मात्र अनेक घरांत आहे. मधुमेह्याच्या घरी तरी ती सोडून द्यावी.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने सन २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने व १० ग्रॅम चोथा असतो. बाजरीत सुमारे ११ ग्रॅम प्रथिने व ११ ग्रॅम चोथा असतो. तेवढ्याच पोह्यांत प्रथिने सुमारे ७ ग्रॅम व चोथा केवळ ३ ते ४ ग्रॅम, तर मैद्यात चोथा ३ ग्रॅमपेक्षाही कमी असतो. तथापि ज्वारीतही दर १०० ग्रॅमला सुमारे ६८ ग्रॅम पिष्टमय भाग असतो, ही गोष्ट दृष्टीआड करू नये. ज्वारी हे औषध नव्हे, अन्न आहे. तिने साखर वाढतच नाही असे समजून चार-चार भाकरी खाणाऱ्या मधुमेह्याची साखर वाढल्याशिवाय राहणार नाही.

दाण्याचे रूप आणि साखरेचा वेग

कोणत्या अन्नाने रक्तशर्करा किती चढते हे मोजण्याची एक रीत डॉ. जेंकिन्स यांनीच सन १९८१ मध्ये सुचविली. शुद्ध ग्लुकोजाने होणारी वाढ १०० धरून त्याच्याशी इतर अन्नांची तुलना करतात. या आकड्यास शर्करा निर्देशांक म्हणता येईल. तो ५५ किंवा त्याहून कमी असल्यास मंद, ७० किंवा अधिक असल्यास वेगवान असे समजतात.

सन २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय कोष्टकांतील काही सरासरी आकडे विचार करण्याजोगे आहेत. मक्याच्या तयार पोह्यांचा, म्हणजे कॉर्नफ्लेक्सचा, निर्देशांक ८१ आहे. शिजविलेला पांढरा भात ७३, गव्हाची चपाती ५२ आणि उकडलेले हरभरे २८ असे त्यातील इतर आकडे आहेत. ओट या परदेशी धान्याचे जाड चपटे दाणे शिजवून केलेल्या लापशीचा आकडा ५५ आहे. परंतु त्याच ओटाच्या झटपट तयार होणाऱ्या बारीक प्रकाराचा आकडा ७९ आहे. धान्य तेच, कोंडाही तोच. पण दाणा जितका बारीक व आधीच शिजवलेला, तितके त्याचे पिष्ट लवकर पचते. मैद्याच्या पावाचा आकडा ७५ आणि अख्ख्या गव्हाच्या पिठाच्या पावाचा ७४ आहे. यावरून केवळ ‘अख्खे धान्य’ हे नाव पुरेसे नाही हे ध्यानात येईल.

याचे कारण समजण्यास कठीण नाही. अख्ख्या किंवा भरडलेल्या दाण्यात पिष्ट हे पेशींच्या भिंतींत कोंडलेले असते. पाचक रसास त्या भिंती ओलांडून आत शिरावे लागते. त्यास वेळ लागतो आणि साखर थोडी थोडी रक्तात उतरते. दाणा बारीक दळला की भिंती आधीच फुटलेल्या असतात. पाटातून बेताने सोडलेले पाणी जमिनीत मुरते, पण एकदम लोटलेले पाणी सरी फोडून वाहून जाते. मधुमेह्याच्या शरीरात साखरेचे असेच घडते.

यास्तव न्याहारीसाठी दलिया, कण्या व घुगऱ्या हे प्रकार पातळ पेजेपेक्षा किंवा बारीक पिठाच्या आंबिलीपेक्षा सरस ठरतात. भाकरीस पीठ बारीकच लागते हे खरे; पण ती चावून खावी लागते व तिच्यासोबत उसळ किंवा भाजी येते, त्यामुळे तिचा वेग आवरतो. थालीपिठाच्या वा धपाट्याच्या पिठासाठी दळण जाडसर ठेवण्यास पीठगिरणीवाल्यास सांगावे.

ज्वारीविषयी काय कळले आहे

ज्वारीच्या दाण्यातील पिष्टकणांभोवती एका विशिष्ट प्रथिनाचे वेष्टन असते. पाण्यात शिजविल्यावर हे वेष्टन अधिक घट्ट होते व त्यामुळे पिष्ट पचण्यास अवधी लागतो. शिजविलेले पिष्ट थंड झाल्यावर त्याचा काही भाग पुन्हा असा घट्ट होतो की तो लहान आतड्यात पचत नाही. शिळ्या भाकरीस या दृष्टीने थोडा गुण आहे. मात्र हा फरक मोठा नसतो, आणि उन्हाळ्यात आंबलेली किंवा बुरशी धरलेली भाकरी कोणत्याही कारणासाठी खाऊ नये.

हैदराबादजवळील इक्रिसॅट या संशोधन संस्थेच्या पुढाकाराने सन २०२१ मध्ये भरड धान्ये व मधुमेह यांविषयीच्या अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. भरड धान्यांचा सरासरी शर्करा निर्देशांक सुमारे ५३, म्हणजे सडलेला तांदूळ व मैदा यांच्यापेक्षा सुमारे ३० टक्के कमी आढळला. दीर्घकाळ नियमाने भरड धान्ये खाणाऱ्या मधुमेह्यांची उपाशीपोटीची साखर सरासरी १२ टक्के व जेवणानंतरची १५ टक्के कमी झाल्याचेही या आढाव्यात नमूद आहे. हा लाभ नित्य आहाराचा आहे, एखाद्या दिवशी हौसेने खाल्लेल्या भाकरीचा नव्हे. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रसंघाने सन २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष म्हणून साजरे केले, त्यामागे पोषणाचा हा विचारही होता.

पाकिटातील तयार नाश्ता

शेगाव, खामगाव, चिखली यांसारख्या गावांच्या बाजारपेठांत आता ओट, मक्याचे पोहे, ‘बहुधान्य’ बिस्किटे व माल्टची भुकटी सहज मिळते. पाकिटाच्या पुढील बाजूस कणसाचे चित्र असले म्हणजे आत अख्खे धान्य असेलच असे नाही. पाकिटाची मागील बाजू वाचावी. घटकद्रव्ये वजनाच्या उतरत्या क्रमाने छापण्याचा नियम आहे. म्हणजे जे नाव पहिले, ते सर्वांत जास्त. पहिले नाव मैद्याचे असून दुसरे-तिसरे साखरेचे असेल, तर ती वस्तू मधुमेह्याच्या न्याहारीस योग्य नव्हे. साखरेऐवजी मध, गूळ किंवा माल्ट असे लिहिले असल्यासही फरक मानू नये. गूळ हा साखरेइतकाच रक्तशर्करा वाढवितो.

ओटाचे जाड दाणे वाईट नाहीत. त्यातील चिकट तंतुमय द्रव्य साखरेचा वेग कमी करते व कोलेस्टेरॉलही उतरविते. पण ज्या शेतकऱ्याच्या कणगीत ज्वारी किंवा गहू आहे, त्याने परमुलखातील धान्य महागात विकत घेण्याचे कारण नाही. गव्हाचा जाड दलिया व ज्वारीच्या कण्या हेच काम बऱ्याच अंशी करतात.

न्याहारीचे प्रमाण

एक उदाहरण घेऊ. एका मनुष्याने सकाळी ६० ग्रॅम पोहे आणि दोन चमचे साखर घातलेला चहा घेतला. त्यातून सुमारे ५६ ग्रॅम पिष्ट व साखर, ४ ते ५ ग्रॅम प्रथिने आणि सुमारे २ ग्रॅम चोथा मिळाला. दुसऱ्याने ५० ग्रॅम पिठाची ज्वारीची एक भाकरी, ३० ग्रॅम मुगाला मोड आणून केलेली उसळ आणि बिनसाखरेचा चहा घेतला. त्याच्या पोटात सुमारे ४८ ग्रॅम पिष्ट, १२ ग्रॅम प्रथिने आणि १० ग्रॅम चोथा गेला. चोथा पाचपट व प्रथिने अडीचपट असल्याने दुसऱ्या मनुष्यास दुपारपर्यंत भूकही कमी लागते.

यावरून पुढील नियम बांधता येतील.

१. धान्य मोजून घ्यावे. बैठे काम करणाऱ्या मधुमेह्यास न्याहारीत ५० ग्रॅमच्या आसपास पीठ पुरते. दिवसभर अंगमेहनत करणाऱ्यास अधिक लागते. ते डॉक्टरांच्या अगर आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने ठरवावे. घरातील एक वाटी एकदा दुकानातील काट्यावर भरून पाहावी, म्हणजे रोज वजन करावे लागत नाही.

२. धान्य एकटे खाऊ नये. मूग, मटकी, हरभरा, बरबटी यांची उसळ, बेसन, तुरीचे वरण, ताक, दही किंवा अंडे यांपैकी काहीतरी बरोबर असावे. पालेभाजी असल्यास उत्तम.

३. चहातील साखर सोडावी. दिवसातून चार वेळा दोन-दोन चमचे म्हणजे सुमारे ४० ग्रॅम साखर होते, आणि ज्वारीने साधलेला लाभ तेवढ्यानेच बुडतो.

४. पोहे वर्ज्य नाहीत. पण ते निम्मे करून त्यांत मोड आलेली मटकी, वाटाणे व शेंगदाणे घालावेत. वर शेव पसरू नये.

५. चोथा हळूहळू वाढवावा व पाणी पुरेसे प्यावे. एकदम वाढविल्यास पोट फुगते व मनुष्य ती रीतच सोडून देतो.

६. मूत्रपिंडाचा विकार असलेल्या मधुमेह्याने डाळी व कडधान्ये किती खावीत हे डॉक्टरांस विचारल्याशिवाय ठरवू नये.

एकादशीच्या उपवासाचाही येथे विचार केला पाहिजे. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. त्यात चोथा व प्रथिने नाममात्र असतात. साबुदाण्याची उसळ ताटभर खाणे हे मधुमेह्याच्या दृष्टीने उपवास नव्हे. गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असणाऱ्याने उपवासापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.

घरच्या घरी पडताळा

नवे बियाणे चांगले की वाईट हे शेतकरी केवळ ऐकून ठरवीत नाही. तो शेजारी शेजारी दोन वाफे घेतो, दोन्हींस सारखेच खत-पाणी देतो आणि मग तुलना करतो. न्याहारीचाही असाच पडताळा घेता येतो. साखर मोजण्याचे लहान यंत्र, म्हणजे ग्लुकोमीटर, घरी असल्यास न्याहारीपूर्वी एकदा व पहिला घास घेतल्यापासून बरोबर दोन तासांनी पुन्हा एकदा रक्तशर्करा मोजावी. दोन-तीन दिवस नेहमीची न्याहारी घेऊन आकडे वहीत लिहावेत. पुढील दोन-तीन दिवस भाकरी-उसळीचे आकडे लिहावेत. औषधाची मात्रा व वेळ, काम आणि झोप या गोष्टी दोन्ही वेळी शक्य तितक्या सारख्या ठेवाव्यात, नाहीतर तुलना फसते.

न्याहारीनंतरचा आकडा साधारणपणे १८० च्या आत राहावा असे बहुतेक मधुमेह्यांच्या बाबतीत धरतात. वृद्धांसाठी अगर गरोदर स्त्रियांसाठी डॉक्टर वेगळी मर्यादा ठरवितात. एकाच भाकरीने सर्वांची साखर सारखी चढत नाही, म्हणून प्रत्येकाने आपला आकडा पाहणे अगत्याचे आहे. ही वही दवाखान्यात जाताना बरोबर न्यावी.

आकडे सुधारले म्हणून औषध आपल्या मनाने बंद करू नये. आहार सुधारल्यावर औषधाची मात्रा कमी करावी लागते असे कधी कधी घडते. परंतु ते काम डॉक्टरांचे आहे.

रिकाम्या पोटी शेतात जाण्याचा धोका

साखर वाढण्याची भीती बाळगणारे पुष्कळ असतात. ती एकाएकी उतरण्याचा धोका मात्र फार थोड्यांस ठाऊक असतो. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेणारा मनुष्य औषध घेऊन न्याहारी न करता पेरणीस, फवारणीस किंवा कापूस वेचणीस गेला, तर मेहनतीने त्याची साखर ७० च्या खाली येऊ शकते. हातापायांस कंप, दरदरून घाम, छातीत धडधड, एकाएकी भूक, चिडचिड, बोलण्यात असंबद्धता ही त्याची लक्षणे होत. उन्हाने किंवा थकव्याने असे झाले असेल असे समजून बरोबरीचे लोक त्यास झाडाखाली निजवून ठेवतात आणि तेवढ्यात तो बेशुद्ध होतो. वेळेवर उपाय न झाल्यास जिवावर बेतते.

अशा वेळी तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून ताबडतोब पाजावे. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा तेवढेच द्यावे. या प्रसंगी भाकरीवर विसंबू नये. ज्या सावकाशपणामुळे ज्वारी एरवी हितकर ठरते, त्याच सावकाशपणामुळे ती येथे वेळेवर कामास येत नाही. साखरेने हुशारी आल्यावर मग भाकरी खावी, म्हणजे साखर पुन्हा उतरत नाही. मनुष्य बेशुद्ध असल्यास त्याच्या तोंडात काहीही घालू नये. त्यास कुशीवर वळवून १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी.

म्हणून मधुमेह्याने न्याहारी केल्याविना शेतात जाऊ नये, शक्यतो एकट्याने जाऊ नये, आणि खिशात साखरेची पुडी बाळगावी. बरोबर काम करणाऱ्यांस आपला आजार सांगून ठेवण्यात संकोच मानू नये.

घरच्या ज्वारीसाठी थोडी जमीन

पाच माणसांच्या कुटुंबाने दररोज माणशी १०० ग्रॅम ज्वारी खाल्ली, तर वर्षाला सुमारे १८३ किलो, म्हणजे दोन क्विंटलांच्या आतच ज्वारी लागते. एकरी चार क्विंटल एवढे बेताचे उत्पन्न धरले तरी वीस गुंठे जमीन त्यास पुरेल. सोयाबीनचे सर्व क्षेत्र मोडण्याची गरज नाही. ओल धरून ठेवणाऱ्या भारी काळ्या जमिनीत खरिपात मूग अगर उडीद घ्यावा व तो निघाल्यावर सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत रब्बी ज्वारी पेरावी. एकरी चार किलो बियाणे पुरते. काणी रोगाच्या प्रतिबंधासाठी दर किलो बियाण्यास चार ग्रॅम गंधकाची भुकटी चोळावी. गंधक लावलेले बियाणे उरल्यास ते दळणात मिसळू नये.

मालदांडी ३५-१ ही मोहोळ येथे निवड पद्धतीने तयार झालेली जात भाकरीच्या गोडीसाठी आजही नावाजलेली आहे. आपल्या जमिनीस योग्य अशा सुधारित जातींची माहिती अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडून अथवा जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्रांकडून मिळते. या पद्धतीत मुगाची उसळ व ज्वारीची भाकरी दोन्ही एकाच तुकड्यातून येतात, आणि गुरांस कडबा मिळतो.

कार्यकर्त्यांनी काय करावे

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने रोगाचे निदान करावयाचे नाही व औषधही सांगावयाचे नाही. त्याचे काम लोकांस वेळेवर तपासणीपर्यंत पोहोचविण्याचे आहे. तीस वर्षांवरील प्रत्येक स्त्री-पुरुषाची मधुमेहासाठी प्राथमिक तपासणी सरकारी उपकेंद्रात व प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य होते. आशा कार्यकर्तीकडे यासाठी घरोघरची यादी असते. पेरणीपूर्व सभेत बियाण्याबरोबर या तपासणीचाही विषय काढावा.

महिला बचत गटाच्या बैठकीत कण्या, जाड दलिया, कळण्याची भाकरी व मोडाच्या उसळी यांचे प्रात्यक्षिक घ्यावे. कारण घरात न्याहारी काय होणार हे बहुधा त्यांच्याच हाती असते. मधुमेह्यासाठी वेगळी चूल मांडण्याची गरज नाही. त्याला जी न्याहारी हितकर आहे तीच मुलांना व वडीलधाऱ्यांना हितकर आहे. वेगळे ताट वाढले की रोग्यास ते पथ्य वाटते व चार दिवसांत सुटते. सर्वांनी एकच ताट घेतले की ती घराची रीत होते.

धान्य अख्खे असावे, शक्य तेथे भरड असावे, मोजून घ्यावे, उसळीबरोबर खावे आणि वेळेवर खावे, एवढ्या पाच गोष्टी प्रत्येक मधुमेह्याच्या घरी समजावून दिल्या, तर डॉक्टरांनी दिलेल्या औषधास आहाराची साथ मिळेल.